मले लय थंडी वाजून राह्यली

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते हसण्यासाठी. पांढरी साडी, पिंपळ, अमावस्येला नेमकी तिथेच बंद पडलेली गाडी... वाटायचं, या लोकांना दुसरा उद्योग नाही का? आमच्या घरी आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून भूत, भगत, उतारे, अंगात येणं, सगळं बंद. वडील शाळामास्तर. लहानपणी मी एकदा अंधाराला घाबरून रडले, तर त्यांनी हातात टॉर्च दिली आणि म्हणाले, "जाय, पाहून ये काय हाय ते." अशा घरातली मी. तरीही लिहितेय, कारण घडलं ते माझ्यासमोर, भर दुपारी, आणि तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते.

मी वर्ध्याजवळच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक होते. गावाबाहेरची उघडी टेकडी, नव्यानं लावलेली झाडं अजून गुडघ्याएवढी. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मोबाइल आले होते, पण परदेशात बोलायचं तर गेटजवळच्या आयएसडी बूथवरच जावं लागायचं. राहायला मी सिंदी मेघेत, एकटी. नवरा पाच-सहा वर्षांपूर्वी वारला होता आणि एकुलती एक लेक पल्लवी इंग्लंडात शिकत होती. तिथल्याच विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये ती नोकरी करायची, आठवड्यातून ठरवून दिलेले तास. भांडी, भाज्या, कोठारातल्या थंड खोलीतला माल मोजणं. घरी चहाचा कप न उचलणारी पोर! पण ते तिला म्हणायची सोय नव्हती, लगेच फणकारायची.

आमच्याकडेही बाहेरदेशची मुलं हिंदी शिकायला येत. सुटीत बाकीची मुलं घरी पळायची आणि ही मागे राहायची. मग त्यांना कॅम्पसमध्येच काहीतरी काम देत. त्या मे महिन्यात माझ्याकडे संदुनी नावाची श्रीलंकेची मुलगी होती. पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या डकवायच्या, एवढंच काम. हिंदी अगदी पुस्तकी बोलायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मैडम, इस अवकाश में छात्रावास बहुत मौन हो गया है।" मला हसू आलं, आणि नंतर वाईट वाटलं. अख्ख्या मजल्यावर ती एकटी राहत होती. तिची आई तिकडे कँडीजवळ, माझी लेक तिकडे इंग्लंडात... तिला डब्यातली भाजी वाढताना मी कुणाला वाढत होते, हे काही वेगळं सांगायला नको.

ती मराठीही शिकायची म्हणायची. मी शिकवत होते, पण नीट. आमचा शिपाई तिला गंमत म्हणून "काऊन वं, कुठी चालली?" असलं काही शिकवायचा, आणि मी त्याच्यावर डाफरायचे. हा माझा जुना खाक्या. पुण्याला ग्रंथालयाचा कोर्स करताना माझ्या "मले-तुले"वर अख्खा वर्ग हसला होता, तेव्हापासूनचा. नवरा इकडच्याच तळेगावचा, अस्सल वऱ्हाडी बोलायचा, आणि पल्लवी त्याचंच उचलायची. मग माझं दिवसभर चालायचं, "मले नाही, मला. बाहीर नाही, बाहेर." बाप-लेक माझ्या पाठीमागे नक्कल करून हसत. पण पोरगी सुधारली. इंग्लंडहून बोलायची ते अगदी बातम्या दिल्यासारखं स्वच्छ.

त्या दिवशी दुपारी ग्रंथालयात आम्ही दोघीच. कूलर घरघरत होता, पण टाकीतलं पाणी संपल्यामुळे नुसती गरम हवा फेकत होता. संदुनी लांब टेबलाशी खाली मान घालून चिठ्ठ्या डकवत होती. मी काउंटरवर, तिच्यापासून चार हातांवर. आणि ती वर न पाहता बोलली,

"माय... हे दार काऊन उघडून नाई राह्यलं वं? मले लय थंडी वाजून राह्यली."

मला वाटलं, शिपायाची करामत. मी रजिस्टरमधून डोकंही वर न काढता म्हटलं, "मले नाही, मला म्हणावं."

हो. खरंच हेच म्हणाले मी.

थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज, पण आता बारीक, दात वाजत असल्यासारखा – "माय... बाबाचा सेटर बाहीरच राह्यला."

तेव्हा मी वर पाहिलं.

स्वेटरला "सेटर" माझा नवरा म्हणायचा. पल्लवी इंग्लंडला निघाली तेव्हा तिनं त्याचाच तपकिरी स्वेटर बॅगेत घातला होता. हे संदुनीला काय, ग्रंथालयात कुणालाच माहीत नव्हतं. मी उठून तिच्याजवळ गेले. तिचे डोळे उघडे होते, पण ती कुठेच पाहत नव्हती. दंडावर काटा आलेला, ओठ निळसर. मेमधल्या वर्ध्यात! मी तिचा हात धरला आणि दचकून सोडला. माठाच्या तळाला हात लागावा तसा गार होता.

"संदुनी!" मी खांदा हलवला. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "क्षमा कीजिए मैडम, मैं सो गई थी क्या? बहुत अँधेरा था।"

पुढचं मी विचार करून केलेलं नाही. तिला पाणी दिलं, "इथंच बस" म्हटलं आणि उन्हात तशीच चप्पल ओढत गेटपर्यंत पळाले. बूथवाले गजाननभाऊ पंख्याखाली पेपर वाचत होते.

"मॅडम, काय झालं? घाबरल्या काऊन?"

"भाऊ, इंग्लंड लावा. लवकर."

पल्लवीचा मोबाइल वाजत राहिला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिनं अडीअडचणीला म्हणून तिच्या विद्यापीठाचा एक नंबर देऊन ठेवला होता, तो लावला. तिकडे सकाळ होती आणि कसलीशी सुटीही. पहाऱ्यावरचा कुणी म्हातारा बोलत होता. मी माझ्या ग्रंथालयी इंग्रजीत सांगितलं की माझी मुलगी तुमच्या कॅन्टीनच्या थंड खोलीत अडकली आहे. तो म्हणाला, आज कॅन्टीन बंद आहे बाई, आणि तुम्हाला भारतात बसून कसं कळलं? आता त्याला काय सांगणार होते मी? म्हटलं, तिचा फोन आला होता. मी घाईनं आणि कडक आवाजात बोलले, वर्गात बोलतात तसं. तो जाऊन पाहतो म्हणाला.

पुन्हा फोन लावण्याआधी बूथमध्ये काढलेला तो वेळ मी कुणाला सांगू शकत नाही. गजाननभाऊंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तसाच राहिला. पल्लवीला काही झालं तर मी कोणत्या घरी परत जायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ती तिथेच होती. सुटीचा माल मोजायला एकटी गेली होती. मोठ्या फ्रीझरच्या खोलीचं दार मागून बंद झालं आणि आतली कडी फिरेना. मोबाइल आणि स्वेटर, दोन्ही बाहेर खुंटीला. म्हाताऱ्यानं दार उघडलं तेव्हा ती मटारच्या खोक्यांवर पाय पोटाशी घेऊन बसलेली होती. दुसरं कुणी त्या दिवशी तिकडे फिरकणार नव्हतं. मी फोनवर तिचा आवाज ऐकला आणि तोंडातून निघालं, "बाई, जेवली का तू?" बस, एवढंच सुचलं.

संदुनीला मी डॉक्टरकडे नेलं. काही निघालं नाही. पुढे कोर्स संपवून ती मायदेशी गेली, एक-दोन पत्रं आली, मग तीही थांबली. वडिलांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "योगायोग असन." पण टॉर्च घेऊन पाहून ये, असं ते म्हणाले नाहीत. अंगात आलं म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि योगायोग म्हणायला त्या हाताचा गारवा आड येतो. कुणी म्हणालं, मनाची लहर पोचली. बरं, पोचली... पण पत्ता चुकून?

कारण खरा काटा पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी पल्लवीचा फोन आला. म्हणाली, "आई, आधी मी इंग्लिशमध्ये ओरडले. कुणी येईना. मग दार वाजवायचीही ताकद राहिली नाही. मग तुझ्याशीच बोलत बसले... जसं तोंडात आलं तसं, बाबांच्या बोलीत. तुला कसं कळलं गं?"

मी खरं ते सांगितलं. संदुनीचं सांगितलं. मी चार हातांवर बसून काय म्हणाले, तेही सांगितलं. ती हसली नाही.

मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "पण मी तर तुला हाक मारत होते ना, आई. मग ती तिला कशी ऐकू गेली?"

तिला खरंच कुतूहल होतं, टोमणा नव्हता. याला आता खूप वर्षं झाली. पल्लवी आता तिकडचीच झाली आहे. रविवारी फोन येतो, सगळं छान असतं. फोन ठेवला की मी पंखा बंद करते, टीव्ही बंद करते आणि थोडा वेळ नुसती बसून राहते, काही ऐकू येतं का म्हणून. शेजारच्यांचा कुकर ऐकू येतो, रस्त्यावरची गाडी ऐकू येते. मग उठून पंखा लावते.