चिंचघाट गाडीचे थावरूभाऊ

कंडक्टर माणसाला विचारतो, ‘कुठं जायचं?’ थावरूभाऊ राठोड विचारायचे, ‘आल्या कुठून?’ तेही सगळ्यांना नाही. वणीच्या स्टँडवरून चिंचघाटची गाडी सुटली की पोरांची, मास्तरांची, कोळसा खाणीवर जाणाऱ्यांची तिकिटं ते मशीनमधून खटाखट काढून मोकळे व्हायचे. मग डोक्यावर पदर घेतलेली एखादी म्हातारी हेरायचे आणि तिच्या सीटच्या दांड्याला टेकून उभे राहायचे. ‘याडी, माहेर कोणतं तुमचं? अन् तिथून नदी कोण्या बाजूनं दिसे?’ याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. म्हातारी कुणबी असो, कोलाम असो, तेली असो, थावरूभाऊंची ती याडीच. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट. तरी शून्य रुपयांचं तिकीट तिच्या हातात ठेवून ते म्हणायचे, ‘पैसे नाई लागत, पण गोष्ट लागते. सांगा.’ आणि म्हातारी सांगायची. चिंचघाट येईपर्यंत सांगायची.

मी दोन सीट मागे बसून खिडकीबाहेर बघायचं नाटक करायचो आणि जळायचो. खोटं कशाला बोलू? वर्धा नदीच्या काठची गावं हा माझा विषय. त्याच्यावर माझी पीएचडी. वणीच्या कॉलेजात इतिहास शिकवण्यात माझी उभी हयात गेली. नदीकाठचा अधिकृत माणूस कोण, असं कोणी विचारलं असतं तर लोकांनी माझ्याकडे बोट दाखवायला हवं होतं. पण दर रविवारी गावोगाव फिरून, रेकॉर्डर पुढे ठेवून, ‘आजोबा, आपल्या गावाचा इतिहास सांगा’ म्हटलं की मला काय मिळायचं? ‘काय सांगाव बाप्पा, जुनंच गाव हाय.’ झालं! एवढ्यावर आटोपायचं. आणि हा गडी चालत्या गाडीत, ब्रेक लागला की धडपडत, अख्खं गाव खिशात घालायचा.

त्यांची एक युक्ती होती, ती मला फार उशिरा कळली. ते मुद्दाम चुकीचं बोलायचे. एकदा एका म्हाताऱ्याला म्हणाले, ‘बाबा, तुमच्या गावच्या घाटावर डोंगा कधी चाललाच नाई म्हणते.’ डोंगा म्हणजे आमच्याकडची लाकडी नाव. म्हातारा असा उसळला! ‘कोण म्हणते? कोण्या बेअकलेनं सांगतलं तुले? माह्या बापानं चालवला डोंगा! कापसाची गाठोडी घेऊन चांद्याकडं जाये तो!’ पुढचा अर्धा तास थावरूभाऊ फक्त ‘काय बोल्ता!’ एवढंच म्हणत होते. उतरताना म्हातारा त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘तुले काई माहीत नाई लेका. ये घरी, सांगतो.’ मला कोणी कधी घरी ये म्हटलं नव्हतं. माझ्यापुढे चहा ठेवायचे आणि घड्याळाकडे बघायचे.

मी एकदा न राहवून विचारलंच, ‘थावरूभाऊ, तुम्ही सारखं बायांनाच का धरता?’ तिकिटाची बॅग मांडीवर सारखी करत ते म्हणाले, ‘सर, माणसाले एक गाव माहीत असते. बाईले दोन. माहेर अन् सासर. अन् मधातली नदी तिनंच पाह्यली राह्यते, तेही रडत रडत. रडत पाह्यलेलं माणूस भुलत नाई.’ माझ्या अख्ख्या प्रबंधात एवढं शहाणं वाक्य नव्हतं. मी ‘हं’ म्हटलं आणि त्या रात्री जेवलो नाही नीट. बायकोनं विचारलं तर म्हटलं, ॲसिडिटी.

ते मूळचे यवतमाळकडच्या नेरचे, तिथल्या एका तांड्यावरचे. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. नोकरीनं त्यांना वणीला आणून टाकलं आणि त्यांनी चिंचघाटची गाडी मागून घेतली. धूळ, खड्डे, कोळशाचे ट्रक, त्या रुटवर कोणी राजीखुशीनं जात नसे. ‘नदी दिसते ना सर,’ एवढंच कारण. ऐकलेलं सगळं ते मुक्कामी दोनशे पानी वहीत लिहायचे. अक्षर म्हणजे नुसते चिमणीचे पाय, पण कोण, कोणत्या गावची, कोणाकडून ऐकलं, हे सगळं जिथल्या तिथं. मी विद्यार्थ्यांना जे वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं आणि एकानंही केलं नाही, ते हा दहावी शिकलेला माणूस कोणी न सांगता करत होता.

आमच्या कॉलेजात स्थानिक इतिहासाची परिषद ठरली तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावलं. ‘त्या कंडक्टरबद्दल फार ऐकतो आपण. त्यांनाही अर्धा तास देऊ या का?’ मी चष्मा पुसला आणि म्हणालो, ‘सर, ऐकीव गोष्टी आहेत त्या. पुरावा नाही. उद्या बाहेरून आलेले लोक हसतील.’ नाव कटलं. मीच काटलं, दुसऱ्या कोणाचा दोष नाही. आणि काटताना बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

परिषदेला थावरूभाऊ रजा टाकून आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वही घेऊन, आणि सगळ्यात मागच्या रांगेत बसले. मी निबंध वाचला. जुन्या नकाशाच्या आधारे छातीठोकपणे सांगितलं की चिंचघाट पहिल्यापासून आजच्याच जागी वसलेलं आहे. टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हटलं तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. चहाच्या वेळी मात्र मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘सर, लय मस्त बोलले. एक डाव चिंचघाटच्या मारुतीचं देऊळ पाहून या ना. गावाकडं पाठ हाय त्याची. देव कायले गावाकडं पाठ करन? गाव तं खाली होतं, नदीपाशी. पुरानं वर आणलं.’ मी त्या देवळात पन्नास वेळा तरी गेलो असेन. नारळ फोडले, फोटो काढले. भर सभेत त्यांनी माझी फजिती केली असती तर मला त्यांचा मनसोक्त राग तरी करता आला असता. तेवढंही सुख त्यांनी दिलं नाही!

आता आईचं सांगतो. माझी आई, सुभद्राबाई, तिचं माहेर चिंचघाट. शेवटची काही वर्षं ती दर बुधवारी मामाकडे जायची, थावरूभाऊंच्याच गाडीनं. यायची ती त्यांच्याच गप्पा घेऊन. ‘काय गोड माणूस हाय बाई! माहं सारं ऐकून घेते.’ मी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचो, ‘तिकीट काढायचं काम आहे त्याचं, ते करावं.’ ती पिशवी उचलून आत जायची.

एका रविवारी मी गाडीत चढलो तर थावरूभाऊंच्या मांडीवर वही उघडी होती. पानाच्या डोक्यावर मी वाचलं, ‘सुभद्रायाडी. डोंग्याची गोष्ट.’ मला पाहिल्याबरोबर त्यांनी पानावर हात ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई! तिची गोष्ट ह्याच्या वहीत, आणि माझ्यापासून झाकून ठेवतो! ‘काय लिहिलंय?’ मी विचारलं. ते एकदम कानकोंडे झाले. ‘सर, तुम्ही आईलेच इचारा ना. घरीच तं हाय. इचारा एखाद दिवस.’

माझ्या आईला मी काय विचारायचं, हे हा मला शिकवणार? घरी गेलो. आई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. शेजारी बसायचा मोडा रिकामा होता. दोन मिनिटांचं काम होतं. ‘आई, ते डोंग्याचं काय गं?’ एवढंच. पण मनात आलं, आधी त्याला सांगितलं ना, मग आता उष्टं मला नको. मी तसाच आत जाऊन पंखा लावला. असं एक दिवस नाही, तीन महिने केलं. पौषात आई झोपेतच गेली.

तेराव्याला थावरूभाऊ आले. जेवणं झाली, पाहुणे पांगले, तरी हे ओसरीवर बसूनच. दोनदा माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. मला वाटलं, आईची गोष्ट आपल्यापाशी आहे हे मिरवायला बसलेत. मी म्हणालो, ‘शेवटची गाडी चुकेल तुमची.’ ते उठले, आईच्या फोटोला हात जोडले आणि निघून गेले.

पुढे ते रिटायर होऊन गावाकडे गेले. दोन वर्षांनी कळलं की किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिसला नेतात. मी नेरची गाडी धरली. भेटायला म्हणून निघालो, पण पोटात वेगळंच होतं: माणूस जाईल आणि ते पान त्याच्या घरच्यांकडून रद्दीत जाईल. ते मला हवं होतं. मोबाइल चार्ज करून घेतला होता, फोटो काढायला.

खाटेवर निम्मेच उरले होते. मला पाहून उठायला गेले. तब्येतीचं विचारून झालं, मग मी एकदाचं म्हणालो, ‘थावरूभाऊ, माझ्या आईचं पान दाखवता का?’ त्यांचा चेहरा असा फुलला की मलाच काही कळेना. बायकोला म्हणाले, ‘निळी वही आण. सर आले, बरं झालं.’

मी पान उघडलं. वर आईचं नाव. खाली एकच ओळ: ‘लग्नाच्या चौथ्या दिवशी आम्ही सात जण डोंग्यात बसलो अन् उतरलो सहा.’ त्याच्याखाली काही नाही. मी पान उलटलं. कोरं. पुढचं कोरं. चार पानं कोरी.

‘पुढचं कुठंय?’ माझा आवाज चढला होता.

‘पुढचं त्यायनं मले सांगतलंच नाई, सर. इथवर आल्या अन् थांबल्या. म्हणे, बाकीचं माह्या लेकाले सांगीन. तो इतिहासाचा मास्तर हाय, इचारन एखाद दिवस. मले म्हणे, तू त्याले यातलं काई सांगू नको, त्याच्या मनानं इचारू दे.’ त्यांना धाप लागली. जरा थांबून हसले. ‘म्या पानं सोडून ठेवली. तेराव्याले आलतो तवा लय वाटलं, तुमाले इचाराव. पण दुखाचं घर. खरं सांगू? मले तुमचा लय हेवा वाटे, सर. म्या साऱ्या गावाच्या बायांपाशी भीक मागत फिरलो, अन् तुमाले घरातच बसून भेटलं.’

उशीखालून त्यांनी पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. ‘घ्या, तुमच्याच हातानं लिहा. सातवं कोण होतं?’

मी पेन घेतलं नाही. ‘मला माहीत नाही, थावरूभाऊ. मी विचारलंच नाही.’

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘चहा घ्या सर, थंडा होऊन राह्यला.’

उन्हाळ्यात ते गेले. मुलानं वह्यांची थैली आणून दिली, ‘बाबा म्हणे सरलेच द्या.’ अकरा वह्या. नदीकाठची माहेरं आणि सासरं, वाहून गेलेले घाट, वर सरकलेली गावं, सगळं त्यांत आहे. मी चिंचघाटला जाऊन घरोघरी विचारून आलो. मामा गेले, आईच्या बरोबरीचं कोणी उरलं नाही. ‘काय सांगाव बाप्पा’ म्हणाले.

वह्यांचं पुस्तक होतंय, थावरूभाऊंच्या नावानं. प्रुफं घेऊन छापखान्यातला माणूस परवा घरी आला. ‘सर, इथं चार पानं कोरी आहेत. मजकूर द्यायचा राहिलाय का?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘राहिलाय. तशीच छापा.’