शब्द सोडून उरलेली चाल

माझी बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने जेवणाच्या टेबलापाशी बसून पहिली-दुसरीच्या कवितांना चाली लावल्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. आधी ती चाल नुसती गुणगुणून दाखवायची, मग कविता म्हणायची, मग ‘आता तुम्ही म्हणा’ असं सांगून तेवढाच वेळ गप्प बसायची. मुलांनी म्हणायचं ते त्या वेळात. आमच्या नाशिक रोडच्या घरामागून गाडी गेली की तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. मी आतल्या खोलीत वाचत असे. भिंतीपलीकडून येणाऱ्या त्या कविता मी मुद्दाम कधी ऐकल्या नाहीत.

आजार वाढल्यावर तिची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती आता स्वतः शिक्षिका आहे, पिंपळगावला शिकवते. वर्गासाठी केलेले सरावाचे कागद, चित्रांची कार्डं ती ऑनलाइन विकते. दुसरे शिक्षक ते घेऊन आपापल्या वर्गात वापरतात. ‘बाई, तुमच्या कविता मांडू का तिथे?’ तिने विचारलं. बायकोला बोलताना धाप लागायची. ‘मांड,’ ती म्हणाली, ‘माझा आवाज वर्गात जाऊ दे.’

बायको गेल्यावर मला करण्यासारखं तेवढं एकच काम उरलं होतं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर काही दिवसांनी ती पिंपळगावची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. आम्ही त्याच टेबलापाशी बसलो. पहिली मुंगीची कविता लावली. ती संपल्यावर मुलगी हळूच म्हणाली, ‘काका, ही विकता येणार नाही.’

‘का? चाल हिची, आवाज हिचा.’

‘शब्द बाईंचे नाहीत ना. पाठ्यपुस्तकातली कविता आहे. ज्यांच्याकडे तिचे हक्क, त्यांना विचारावं लागेल.’

‘कवीचं नाव घालू की वर.’

‘नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही होत.’

‘वर्गात तर रोज म्हणतात सगळे.’

‘वर्गात शिकवणं वेगळं आणि विकायला ठेवणं वेगळं, काका.’

‘अगं, पण कोणाला कळणार आहे?’

ती हसली. ‘जन्मभर ग्रंथालयात बसून लोकांना अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढू दिली नाहीत, आणि आता तुम्हीच असं विचारता? मला बाईंनी तिसरीत शेजारणीच्या वहीत बघून लिहिलं म्हणून बाकावर उभं केलं होतं. त्यांच्याच कवितांच्या बाबतीत मी हे करू होय?’

बाकीचं तिने शांतपणे समजावून सांगितलं. हे काम घरी, निवृत्तीनंतर केलेलं, म्हणून सोपं. नोकरीचा भाग म्हणून केलं असतं तर त्यावर शाळेचा हक्क आला असता. सोबतच्या कागदांवरची फुलं-पाखरं बायकोने इंटरनेटवरून उचललेली होती. ती काढून टाकावी लागतील, मी नवी काढीन, असं ती म्हणाली. चाल मात्र बाईंची स्वतःची. वारस म्हणून तिचा हक्क आता तुमच्याकडे, आणि तो बाईंच्या मागे साठ वर्षं राहतो.

साठ वर्षं. आत कपाटात बायकोच्या साड्या होत्या आणि त्यांचं काय करायचं हे मला अजून ठरवता आलं नव्हतं.

मुलीने परवानगीसाठी अर्ज केला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: विक्रीसाठी देता येणार नाही. त्यात कोणाची चूक नव्हती. पण बायकोने मागितलेली शेवटची गोष्ट मला पुरी करता येत नव्हती.

पुढच्या रविवारी मुलगी पुन्हा आली. ‘शब्द काढून बघू या का?’ म्हणाली. ती एकेक ओळ कापत गेली. पडद्यावर आवाजाची उंच-सखल रेघ होती. तिचा सगळ्यात उंच भाग नाहीसा होताना बघवत नव्हतं. मी उठून गॅलरीत जाऊन आलो. परत आलो तेव्हा उरलं होतं ते सुरुवातीचं गुणगुणणं, ‘आता तुम्ही म्हणा’, आणि त्यापुढचं गप्प राहणं.

‘यात काय राहिलं?’ मी म्हणालो.

‘पुस्तक मुलांच्या हातात असतंच, काका. शब्द ती वाचतील.’

एका रेकॉर्डिंगमध्ये गुणगुणता गुणगुणता मध्येच माझा आवाज आला: ‘चहा ठेवू का गं?’ आणि लगेच ती, ‘थांबा हो! चालू आहे ना!’

मुलीने माझ्याकडे पाहिलं. ‘हा तुमचा आवाज. इथे तुमची परवानगी लागेल.’

‘कापून टाक,’ मी म्हणालो. ती कापायला गेली तेव्हा मीच तिला थांबवलं.

विकायला ठेवण्याआधी मुलीने मला तिच्या वर्गात बोलावलं. मी मागच्या बाकावर बसलो. बाहेर हायवेवर टेंपोंची ये-जा चालली होती. तिने छोटा स्पीकर टेबलावर ठेवला. गुणगुणणं सुरू झालं. तो आवाज त्या खोलीत माझ्याशिवाय कोणाच्याच ओळखीचा नव्हता. ‘आता तुम्ही म्हणा,’ स्पीकरमधून ती म्हणाली. मुलांनी पुस्तकात बोटं ठेवून कविता म्हटली, काही पुढे, काही मागे. मलाही म्हणायची होती. इतक्यांदा भिंतीपलीकडून कानावर पडलेली, पाठ असेल असं वाटत होतं. पहिल्या ओळीनंतर मला काही आठवेना. शेजारच्या मुलीने तिचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

मग चहाची ती चाल आली. ‘थांबा हो!’ ऐकून वर्ग खो खो हसला. एकजण ओरडला, ‘आजोबांना ओरडा बसला!’ हसणं ओसरलं तसं सगळी मुलं स्पीकरकडे बघत चूप झाली, आता ती काय सांगते म्हणून. मीही बघत होतो.

तिने चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.