धुळ्यात समुद्र आणला तेव्हा

मला माहेरी जायचं होतं, एवढंच. मला समुद्र आणून द्या असं मी कुणाला कधीही म्हटलं नव्हतं.

माहेर मालवणकडचं, सासर धुळ्याचं. वडील मुंबईत नोकरीला होते, तिथल्या कुणाच्या ओळखीनं हे स्थळ आलं आणि माझी रवानगी खाडीकाठावरून पांझरेकाठी झाली. माहेरी जायचं म्हणजे चाळीसगावला गाडी बदलायची, मुंबई गाठायची आणि तिथून आगबोट धरायची. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद. त्या वर्षी होळीच्या सुमारास निरोप आला, की आईची नजर जात चालली आहे, वैद्य-डॉक्टर दोघांनी हात टेकलेत, थोडं दिसतंय तोवर लेकीला येऊन जायला सांगा.

आमचे हे हायस्कुलात सायन्स शिकवायचे. निरोप ऐकून आधी परीक्षा होऊ दे म्हणाले, मग पेपर तपासून होऊ देत म्हणाले. आणि एका रविवारी सुतारासोबत एक काचेची पेटी घेऊन घरात शिरले. "तुला समुद्राची आठवण येते ना? मग आपण इथेच करू." मी कपाळावर हात मारून घेतला. मला आठवण आईची येत होती.

यांचा एक शाळासोबती रेल्वेत गार्ड होता. माणूस मैत्रीखातर काय वाटेल ते करणारा. मुंबईहून तो मडक्यांतून खारं पाणी आणायचा आणि कोळ्यांनी जे हाती ठेवलं ते मासे. पहिल्या खेपेला काळुंदर, बोय, शिंगाळ्याचं एक पिल्लू आणि कुणी फुकटात दिलेला खेकडा असं कडबोळं आलं. यांनी सगळ्यांना एकत्र पेटीत सोडलं आणि समाधानानं झोपले. सकाळी पाहते तर खेकडा तेवढा जागेवर, बाकीच्यांची नुसती दशा. हे हळहळत म्हणाले, "समुद्रात तर सगळे एकत्रच राहतात."

"समुद्रात पळायला जागा असते," मी म्हटलं. पण माझं ऐकतो कोण?

दुसऱ्या खेपेला एकाच जातीचे मासे आणवले, सगळे काळुंदर. एका घरातले आहेत, जमवून घेतील, असं यांचं म्हणणं. एका घरातले जमवून घेतात हे यांना कुणी सांगितलं कोण जाणे. यांचं स्वतःचं थोरल्या भावाशी बोलणं बंद होतं. त्या माशांतल्या दांडग्यानं बाकीच्यांच्या शेपट्या कुरतडून ठेवल्या. शेजारच्या अक्का रोज डोकावून जायच्या. "हाई पोसाले शे का खावाले?" त्यांनी विचारलं. पाळायचे की खायचे, मला तरी कुठे ठाऊक होतं.

मग यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तू समुद्रकाठची. तूच सांग कुणाचं कुणाशी पटतं."

"अहो, माझी माशांची ओळख चुलीजवळची. कुणाला कोकम लागतं आणि कुणाला तिरफळ, ते विचारा."

चैत्र गेला, वैशाख लागला. धुळ्याचा उन्हाळा तो, पेटीतलं पाणी कोमट व्हायचं. भोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं, ते वाळलं की पुन्हा भिजवायचं, आणि वर सायकलच्या पंपानं पाण्यात हवा भरत बसायची. हे बाहेर पडले की ते सगळं माझ्याच गळ्यात. जीव मेटाकुटीला आला. तिकिटाचं काय, असं एकदा स्पष्टच विचारलं, तर हे म्हणतात कसे, "तू गेलीस तर माशांकडे कोण बघणार?"

ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला माहेरची आठवण येऊ नये म्हणून आणलेले मासे, आणि आता त्यांच्यापायीच माहेर बंद. चांगला न्याय होता. त्या दिवशी मी ठरवलं, या पेटीची घडी आता मीच बसवते. एकदा हे मासे सुखानं नांदायला लागले की मी मोकळी.

मग काम टाकून पेटीसमोर बसायला लागले. एक गोष्ट लवकर कळली, की जात, रंग, घराणं काही बघायचं नाही, तोंड बघायचं. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, तो त्याला आज ना उद्या गिळणारच. दुसरं, सगळ्यांना एकच कोपरा हवा असला की मारामारी. म्हणून गार्डभाऊंना बजावून सांगितलं: बोयची पेराएवढी पिल्लं आणा, ती काचेवरचं शेवाळ चाटत वर वर फिरतात; आणि तळाशी दगडाआड बसून राहणारी एखादी खरबी. बाकी कुणी कितीही आग्रह केला तरी काही घेऊ नका. पाणी आटलं की हे दरवेळी खारंच पाणी ओतायचे, तेही बंद केलं. उन्हानं पाणी उडतं, मीठ उडत नाही. मिठागरं बघत मोठी झालेली मी. वरून गोडं पाणी घालायला लागले आणि मासे जगले. माझ्यामागे त्यांच्याकडे बघायला अक्का तयार झाल्या. शेवटच्या बोटी सुटायच्या बेतात होत्या. मी बोचकं बांधलं.

निघायच्या आदल्या दिवशी गार्डभाऊ आणखी एक मडकं घेऊन दारात हजर. आत तळहाताएवढी, मोठ्या तोंडाची तांब. हे कौतुकानं म्हणाले, "मुद्दाम मागवली. तूच म्हणाली होतीस ना, तुला तांब आवडते."

"अहो, आवडते म्हणजे खायला."

मी नको नको म्हणत असताना यांनी ती पेटीत सोडली. सकाळी बोयचं एकही पिल्लू उरलं नव्हतं. दगडाआडची खरबीसुद्धा गेली होती. तांब मधोमध ऐटीत उभी. आणि हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता पुन्हा घडी बसेपर्यंत तुला कसं जाता येणार?"

मी पेटीत हात घातला, तांब काढली, विळीवर साफ केली आणि कालवण केलं. रिकाम्या पेटीकडे बघायला कुणी लागत नाही. यांच्या पानात वाढलं. यांनी एक घास खाल्ला आणि खाली मान घालून म्हणाले, "तिकडे गेलीस की तुला परत यावंसं वाटणार नाही. इथे तुझ्यासाठी आहे तरी काय?"

राग आला, आणि रडूही. "मग हे होळीलाच बोलायचं होतं," मी म्हटलं. "मी तेव्हाच सांगितलं असतं, येते म्हणून."

त्याच दिवशी यांनी मला चाळीसगावच्या गाडीत बसवून दिलं. मुंबईला मामा न्यायला आला होता. अगदी शेवटच्या बोटींपैकी एक मिळाली. समुद्र खवळलेला होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही. सगळं लक्ष घराकडे होतं.

आई अंगणात खाटेवर बसली होती. मी बोचकं खाली ठेवून तिच्या अगदी समोर, भर उन्हात उभी राहिले. ती माझ्याकडेच तोंड करून हसली आणि म्हणाली, "कोण ता?"

मी कोण आहे हे माझ्या तोंडूनच तिला कळणार होतं, आणि माझं तोंड उघडत नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं.