बुरशी न लागलेली कॅसेट

आपल्याला संगीतातले कळत नाही, असे कबूल करणारा माणूस मला डिचोलीत एकच भेटला. बाकी ज्याला विचारावे तो कोणातरी थोर गवयाच्या मांडीवर खेळलेला असतो, नाहीतर त्याच्या आजोबांनी त्या गवयाला चहा तरी पाजलेला असतो. कबूल करणारा तो माणूस म्हणजे कृष्णनाथ गांवस. तो म्हणायचा, "बाई, माका संगीतातलां काय कळत नाय. पण तुमच्या मंडळातल्यांकय कळत नाय. माका म्हायत आसा, तेंका म्हायत नाय, इतकोच फरक."

मंडळ म्हणजे आमचे श्रवणानंद मंडळ. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साडेचार वाजता ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. दर वेळी एक सभासद आपल्या आवडीची ध्वनिमुद्रणे ऐकवतो आणि त्यांवर बोलतो. बोलतो जास्त, ऐकवतो कमी. अध्यक्ष शांतारामबाब वीज खात्यातून निवृत्त झालेले आहेत. ते डोळे मिटून ऐकतात आणि सम आली की उजवा हात हवेतून खाली आणतात. तो हात पाहून इतर सभासदांना सम आल्याचे कळते.

मी चिटणीस होते. इतिवृत्ताच्या वहीत मी एकाहत्तर बैठका लिहिल्या आणि एकाहत्तर वेळा "श्रोते मंत्रमुग्ध झाले" हे वाक्य लिहिले. एका बैठकीत आठव्या मिनिटाला वीज गेली आणि परत आलीच नाही. तरी श्रोते मंत्रमुग्ध झालेच.

कृष्णनाथ सहा वर्षे सभासद होता. खुर्च्या लावणे, बसचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या बंद करणे आणि वायरी जोडणे ही कामे त्याची. वायरी कुठल्या भोकात जातात हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. यादीप्रमाणे ऐकवण्याची त्याची पाळी दोनदा आली, आणि दोन्ही वेळा कोणाची तरी पुण्यतिथी आडवी आली. पुण्यतिथ्या अशा वेळी फार उपयोगी पडतात.

तो मूळचा मये गावचा. अंगाने काटकुळा, शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी आणि पेन्सिल. खाणीच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षे सॅम्पलर होता. पट्ट्यावरून वाहत जाणाऱ्या खनिजातून ठराविक वेळाने फावडेभर माल काढायचा. त्याचा ढीग करायचा, ढीग चपटा करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. उरलेल्याचा पुन्हा ढीग. शेवटी मूठभर उरते आणि त्या मुठीवर जहाजभर मालाचा निवाडा होतो. नियम एकच. चांगला दिसतो म्हणून खडा उचलायचा नाही आणि वाईट दिसतो म्हणून टाकायचा नाही. खाणी बंद पडल्या त्या सुमारास तो निवृत्त झाला, पण हा नियम घेऊनच घरी आला. बाजारात मासळी घेतानासुद्धा तो वरचे बांगडे बघत नसे, टोपलीत हात घालून खालचा काढी. कोळणी त्याला लांबून येताना पाहिले की टोपलीवर फडके टाकत.

त्या काळी आमच्याकडचे खनिज जपानला जाई. घेणाऱ्यांचा तपासनीस म्हणून मोरिता नावाचे गृहस्थ हंगामात येत. एकदा जहाज भरताना वरच्या साहेबाने कृष्णनाथला हळूच सांगितले की आज जरा सुकलेल्या बाजूने सॅम्पल घे. कृष्णनाथने नेहमीसारखे घेतले. माल ओला निघाला, म्हणजे पाण्याच्या वजनाचे पैसे कापले गेले. साहेब आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही. मोरितांनी मात्र सगळे पाहिले होते. हंगाम संपवून परत जाताना त्यांनी कृष्णनाथच्या हातात एक कॅसेट ठेवली. वर सगळी जपानी अक्षरे. कृष्णनाथने त्यांना जत्रेतले खाजे दिले.

घरी टेप नव्हता. कॅसेट कपाटात राहिली आणि पावसाळा गेला. गणपतीच्या चवथीला मेव्हणा आखातातून टेप घेऊन आला तेव्हा ती पहिल्यांदा लावली. आधी एक लांब किंकाळी. मग काहीच नाही. मग पत्रा ओढत नेल्यासारखा आवाज, त्यात कोणीतरी ढोल जिन्यावरून खाली सोडल्यासारखा. कृष्णनाथने टेप बंद केला. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, लग्नाच्या फोटोंना येते, मग कॅसेटला का येणार नाही? पाहुण्याने विश्वासाने दिलेली वस्तू आपण सडवली. त्याने स्क्रू काढून कॅसेट उघडली, कापसाने आणि स्पिरिटने सगळी फीत हातभर हातभर पुसली, पुन्हा गुंडाळली आणि पुन्हा लावली. तीच किंकाळी, तोच पत्रा.

पुढच्या हंगामात मोरितांनी विचारले, ऐकलीस का? कृष्णनाथ म्हणाला, फार गोड गाणे आहे, माझी आई रोज ऐकते आणि डोळे पुसते. मोरितांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, किंचित वाकून नमस्कार केला आणि पुन्हा कधी संगीताचा विषय काढला नाही. दोन हंगामांनंतर त्यांचे येणे थांबले.

"छत्तीस वर्सांत हजारांनी रिपोर्ट दिले, बाई," हे सांगताना कृष्णनाथ माझ्याकडे बघत नव्हता. "खोटो तो एकच."

चाळीस वर्षांनी त्याची पुतणी गौरवी चवथीला आली. ती मोपाच्या विमानतळावर काउंटरला असते. कपाट आवरताना तिला कॅसेट दिसली. तिने फोनचा कॅमेरा वर धरला तेव्हा जपानी अक्षरांची वाचता येणारी अक्षरे झाली. सॅक्सोफोन, उभा बास, ड्रम आणि लोखंडी पत्रा. खाली एका सभागृहाचे नाव आणि साल. म्हणजे तो पत्राच होता. मग तिने फोनवर शोधले, तर तेच वादन कोणीतरी चढवून ठेवलेले. जपानमध्ये त्या काळी असे वाजवणारे बरेच होते, जाझचे सगळे नियम मोडून वाजवणारे.

कृष्णनाथने जुना टेप काढला. एका कानाशी फोन, दुसऱ्या कानाशी कॅसेट. दोन्ही एकदम सुरू. किंकाळी त्याच जागी, शांतता तितकीच, ढोल त्याच पायरीवरून खाली. एकाच ढिगाचे दोन नमुने, एक मयेच्या दमट कपाटातला, दुसरा कुठल्या तरी परक्या देशातला, आणि दोन्ही तंतोतंत जुळलेले. तो खुर्चीत बसला तो जेवायलाही उठेना.

त्याची बायको पद्मावती दारात उभी होती. ती म्हणाली, "चाळीस वर्सां माका वाटत होतां कॅसेट तुमी पाड केलात, नासवलात. ती जपान्यांनीच पाड करून धाडलेली."

त्यानंतर तो रोज दुपारी ऐकू लागला. आधी जाझ, मग गौरवीने शोधून दिलेले रॉकवाले. ते ड्रम आणि गिटार घेऊन भलत्याच मात्रांच्या आवर्तनात पळतात. हा बोटांवर मोजी. एकोणीस, सतरा, पुन्हा एकोणीस, आणि मग चुकला की पहिल्यापासून. शेजारच्या विनोदिनीने मिक्सर बिघडला का म्हणून चौकशी केली. सगळेच त्याला आवडले असे समजू नका. दहातले सात तो टाकून देई. एका वादनाबद्दल म्हणाला, हे नुसते भांडण आहे, आणि तेही घरचे नव्हे, ग्रामसभेतले. पण टाकून देण्याआधी तो प्रत्येक वादन शेवटपर्यंत ऐके आणि डायरीत लिही. त्याचे म्हणणे, चाळण्यांचे मशीनही पहिल्या दिवशी नुसता गोंगाट असते, आठवड्याने कुठली चाळण सैल झाली ते आवाजावरून सांगता येते. केरीच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी जे धडधड वाजते ते मात्र त्याने एकदाच ऐकले. एकच खिळा ठोकत बसतात आणि फोटो कधी टांगत नाहीत, असा रिपोर्ट दिला.

नोव्हेंबरात यादीप्रमाणे पुन्हा त्याची पाळी आली. या वेळी कोणाची पुण्यतिथी नव्हती. तो काय ऐकवणार ते कळल्यावर शांतारामबाब अस्वस्थ झाले. मंडळाची एक पातळी आहे, असे ते म्हणाले. ही पातळी आम्ही कोणी पाहिलेली नाही, पण ती सारखी खाली जाण्याच्या धोक्यात असते. मग त्यांनी तोडगा काढला की पाच मिनिटे गंमत म्हणून ते वाजवावे आणि नंतर एखादे चांगले नाट्यगीत लावावे.

कृष्णनाथ म्हणाला, "ढिगाच्या एका कोपऱ्यातली मूठ म्हणजे सॅम्पल न्हय, शांतारामबाब. एक अख्खी बाजू. एकतीस मिनिटां. आवडूक व्हयी असा माझा म्हणणा नाय. आयकण्याआधी रिपोर्ट देव नकात, इतक्याच."

पुढच्या पाळीचे सभासद परगावी गेले होते, म्हणून शांतारामबाब कबूल झाले.

त्या रविवारी सतरा जण आले. एरवी अकरा येतात. हसायला मिळणार असले की आमच्या गावाला वेळ असतो. कृष्णनाथने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो उभा राहिला, मोरितांची गोष्ट सांगितली, गोड गाण्याचे खोटेही सांगितले, आणि त्या माणसाला आज खरा रिपोर्ट देण्यासाठी हे ऐकायचे आहे, असे म्हणून बटण दाबले.

किंकाळीला लोक दचकले. मग मागून आवाज आला, "अरे, त्याला कोणीतरी पाणी द्या." खोली हसली. शांतारामबाब डोळे मिटून बसले होते. सवयीने त्यांचा हात वर गेला आणि हवेतून खाली आला. त्या वादनात सम नव्हती. तरी तीन जणांनी माना डोलावल्या.

चौथ्या मिनिटाला शांतारामबाब उठले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, इतिवृत्त नेहमीसारखं लिहा." त्यांच्यापाठोपाठ, ते उठले की उठतात ते चौघे उठले. मग कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचे दूध गॅसवर राहिले. ज्यांना काहीच सुचले नाही ते फोन कानाला लावून गेले. फोन वाजलेला नव्हता. कृष्णनाथने कोणाकडे पाहिले नाही. नमुन्याची वेळ मोजावी तसा तो मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता. अठराव्या मिनिटाला खोलीत पद्मावती, मी आणि कुलूप लावायला थांबलेले शिपाई श्रीनाथ, इतकेच उरलो.

कॅसेट संपली, बटण टक्कन वर आले. कृष्णनाथने विचारले, "कसां वाटला, बाई?"

छान, हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. चौतीस वर्षे मी प्रगतिपुस्तकांवर "समाधानकारक" लिहीत आले, तोच हा शब्द. मग मला मोरितांचे ते किंचित वाकणे आठवले.

"मला नाही आवडलं, कृष्णनाथ," मी म्हटले. "डोकं दुखायला लागलं. दोनदा उठावंसं वाटलं. मध्ये तो बास एकटाच वाजत राहतो तेवढं परत ऐकेन. बाकीचं नाही."

त्याने खिशातून डायरी काढली. "ता विसाव्या मिनिटाक की एकविसाव्या?"

"विसाव्या असेल."

"एकविसाव्या," तो म्हणाला आणि लिहून घेतले. त्याचा चेहरा इतका निवांत मी आधी कधी पाहिला नव्हता. श्रीनाथ म्हणाले, मध्ये काहीच वाजत नव्हते तो भाग त्यांना बरा वाटला. तेही त्याने लिहिले. पद्मावतीला विचारायची गरज नव्हती, तिचा रिपोर्ट चवथीलाच झाला होता.

मी घरी जाऊन इतिवृत्त लिहिले. ऐकवणारा आणि शिपाई सोडून सतरा जण उपस्थित. पंधरा जण पूर्ण न ऐकता गेले, त्यामुळे त्यांचे मत नोंदवलेले नाही. दोघींनी पूर्ण ऐकले. दोघींना आवडले नाही, पैकी एकीला बासचा भाग आवडला.

डिसेंबरच्या बैठकीत प्रथेप्रमाणे ते वाचून दाखवले. शांतारामबाब म्हणाले, हे खोडा, मंडळाची बदनामी आहे. मी म्हटले, खोडायचे तर आधीच्या एकाहत्तर बैठकाही खोडू, तिथे याहून जास्त खोटे आहे. नवा चिटणीस निवडावा असा ठराव लगेच आला आणि एकमताने संमत झाला. इतके एकमत मंडळात पूर्वी झाल्याचे मला आठवत नाही. मी वही टेबलावर ठेवली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

त्या दिवशी पाळी शांतारामबाबांची होती. वायरी जोडल्या कृष्णनाथनेच, खिडक्याही त्यानेच लावल्या. मग तो माझ्या शेजारी येऊन बसला. अभंग, नाट्यगीत, मग भैरवी. पाऊण तास तो हलला नाही. डायरीत तीनदा काहीतरी लिहिले.

शेवटी सगळे मंत्रमुग्ध होऊन उठू लागले तेव्हा शांतारामबाबांनी भरल्या खोलीत मोठ्याने विचारले, "काय कृष्णनाथ, हे संगीत कसं वाटलं?"

कृष्णनाथने डायरी उघडून पाहिली.

"अख्खां आयकलंय," तो म्हणाला. "माल बरो आसा. मदीं वायच ओलो."