सगळ्यांना झेपेल असा किनारा

आमच्या घरात सहल ठरवायचं काम माझ्याकडे असतं. ठरलेल्या सहलीला नावं ठेवायचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलेलं आहे. मागच्या हिवाळ्यात मी समुद्र काढला. डोंगर नको, किल्ला नको, पायऱ्या तर नकोच. सपाट किनारा, दीडेक किलोमीटर रमतगमत चालायचं, मध्ये बसायचं, नारळपाणी प्यायचं आणि मागे फिरायचं. पहाटे नाशिक सोडलं तर जव्हारमार्गे दुपारच्या आत पोहोचता येतं. घरच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'सोपी चाल. लहानथोर सगळ्यांना झेपेल.'

सासूबाईंनी ते नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांचं सगळं आयुष्य निफाडच्या मळ्यात गेलेलं. गुडघे गेल्यावर त्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

"मला बी यायचंय," त्या म्हणाल्या. "एकदा पाय घालायचेत त्याच्यात. मग काय व्हायचं ते होऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी खाली उतरून भिंतीला हात लावत बिल्डिंगला फेऱ्या घालायला लागल्या. पहिल्या दिवशी एक, आठवड्याने चार. वर आल्या की आकडा मला सांगायच्या. मी "हं" म्हणायचे.

मला त्यांना न्यायचं नव्हतं. सरळ सांगते. लग्नाच्या वर्षी आमची गोव्याची तिकिटं काढलेली होती आणि सासूबाईंनी चार पाहुण्यांसमोर मला विचारलं होतं, "छाटणी सोडून सून फिरायला जाती व्हय?" तिकिटं रद्द झाली. गोव्याचे ते चार दिवस मी छाटलेल्या द्राक्षाच्या काड्यांना फुटव्याची पेस्ट लावत काढले. बोटांची सालं निघाली. नवरा तेव्हाही गप्प होता, आणि गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा अजून मला भेटलेला नाही.

पण "नेणार नाही" असं म्हणायची सोय नव्हती. ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं आणि समोर वाळूचा ढीग पडलेला होता. आम्हा नाशिकच्या माणसांना वाळू म्हणजे तीच, ट्रकने ओतलेली, पाय रुतणारी. समुद्राची वाळू वेगळी असेल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. एका रविवारी मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "आई, तिथे जाऊन तुम्हाला त्रास नको. आधी इथे चालून बघू या का?"

त्यांनी चपला काढल्या, लुगड्याचा ओचा खोचला आणि ढिगावर पाय ठेवला. तीन पावलं गेली. चौथ्याला पाय पोटरीपर्यंत रुतला आणि त्या बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच. वॉचमन हसला. वर बाल्कनीत नवरा उभा होता, तो आत गेला. त्या दोन्ही हात वाळूत रोवून उठायचा प्रयत्न करत होत्या आणि मी बघत होते. हात द्यायला मी वेळ लावला. मला बरं वाटत होतं, चांगलंच बरं वाटत होतं.

"नाय जमायचं गं," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या."

निघायच्या आदल्या दिवशी मी किनाऱ्यावरच्या एका घरी खोल्या पक्क्या करायला फोन केला. घरमालकीण बोलकी होती. माणसं किती, वयं काय, सगळं विचारून झालं. आजी येत नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, "अहो, आणा की त्यांना! ओहोटीला आमची वाळू रस्त्यासारखी टणक असते. गाडी पार पाण्यापर्यंत जाते." मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत सासूबाई आमच्यासाठी दशम्या बांधत होत्या. मी काही बोलले नाही.

किनारा तसाच निघाला. पाय उमटतसुद्धा नव्हता. काठ्या टेकत म्हाताऱ्या हिंडत होत्या. नवरा म्हणाला, "आईला आणायला हवं होतं." मी म्हटलं, "कुणाला माहीत होतं असं असेल?"

परत आल्यावर त्याने हौसेने सगळे व्हिडिओ टीव्हीवर लावले. सासूबाई पुढे सरकून बसल्या. शेवटच्या व्हिडिओत आम्ही निरोप घेत होतो आणि घरमालकीण हसत म्हणत होती, "आजींना आणलं असतं तर! ताईंना मी फोनवर सांगितलं होतं, गाडी पाण्यापर्यंत जाते म्हणून."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि रिमोट शोधायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, लाटा बघू दे." त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि उठून आत गेल्या.

चार दिवस मी टोमण्याची वाट पाहिली. तो आला असता तर मी परतवला असता, वीस वर्षांची सवय आहे. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, "आई, आपण दोघीच जाऊ. गाडी अगदी पाण्याला लावू."

"नको गं," त्या म्हणाल्या. "माझा पाय जातो वाळूत."

"तिथली वाळू तशी नाही, आई. तुम्ही बघितलंत ना टीव्हीवर."

"ते दुसऱ्यांचं. माझं मी करून बघितलंय की."

यात कुठे काटा आहे का, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर खूप वेळ शोधलं. नव्हता. वाळूतून पाय निघत नाही हे त्यांना खरोखरच पटलेलं होतं, आणि ते मीच पटवून दिलं होतं. नंतर मी तीनदा विचारलं, एकदा तर रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझा काय दोष? गुडघेच गेले माझे." सकाळी त्या आता खाली उतरत नाहीत.