डोंगेवाल्याची सही

शाळेत शिकवायला जाताना मला रोज नदी ओलांडावी लागते. उमरखेडची एसटी घाटापर्यंत सोडते, पुढे डोंगेवाले काका. त्यांच्या आज्याचा डोंगा एका झाडाच्या खोडातून कोरलेला होता, यांचा पत्र्याचा आहे. सायकल, शेळी, सोयाबीनचं पोतं आणि मी, सगळ्यांना ते वजन बघून बसवतात. मला कायम मधोमध. का, ते विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

घाटाशी शेंदूर लावलेला एक गोटा आहे. पाणी त्याला टेकलं की डोंगा बंद, हा आज्यापासूनचा नेम. एका पावसाळ्यात मुलांची परीक्षा होती म्हणून मी काकांची खूप मनधरणी केली, भांडलेही. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पुढे आठवडाभर मी फुगून बसले होते.

शाळेच्या गावाने पुलासाठी अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा तो लिहायचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. काकांपुढे कोणत्या तोंडाने कागद धरायचा? पूल झाला की त्यांचा धंदा बसणार. पण पहिली सही त्यांनीच केली. नको तिथे नाक खुपसायची माझी खोड जुनीच. दुसऱ्या दिवशी डोंग्यात मी एकटी होते, तेव्हा सही का केली, ते विचारलंच.

बांबू रेटत ते म्हणाले, "माही बायको बाळंतपनात अडली होती, बाई. दवाखाना ह्या काठाले, आमी त्या काठाले. पानी गोट्याच्या वर. लोक म्हने, घरचंच मानूस हाये, लोट डोंगा. म्या नाही लोटला. पोरगी वाचली, तिची माय गेली."

परीक्षेपायी धरलेल्या रागाची मला लाज वाटली.

यंदा पुलाची मोजणी करायला माणसं आली. काकांनी त्यांना ओढत नेऊन उंबराच्या झाडावरची महापुराची खूण दाखवली. मोजणीवाले हसले. एवढा उंच पूल खर्चात बसत नाही म्हणाले.

शाळा सुटताना काका दारात उभे. "दुसरा अर्ज लिवा, बाई. पूल त्या खुनेच्या वर पायजे. पुरात बुडनारा पूल आन माहा डोंगा, फरक काय?"

मी कागद काढला. "कारण काय लिहू, काका?"

"माह्या बायकोचं नाव लिवा."