काट्याने चाकं दुसऱ्यांदा ठोकली

मधली भिंत पातळ असली की शेजाऱ्यांच्या भांडणाला कान लावावा लागत नाही, ते आपल्या पायांनी चालत येतं. बसड्रायव्हरचं आणि त्याच्या बायकोचं ते जुनं भांडण असंच अख्ख्या मजल्याने ऐकलं.

"सख्ख्या भावाचं लग्न, आणि माझाच नवरा बस घेऊन डोळ्यांदेखत निघून गेला. मी थांब्याकडे पळत येत होते, हात करत होते. आरशात दिसले नाही का मी?"

"दिसलीस की."

"मग?"

"वेळ झाली होती."

"रोज ती लोखंडी टामी घेऊन गाडीभोवती फिरता, चाकं ठोकत बसता. त्या दिवशी अजून एकदा ठोकली असती तर हात झिजला असता का?"

"एकदा ठोकली की ठोकली. नियम म्हणजे नियम."

बिचारी मागून आलेल्या बसने पोचली तेव्हा जेवणं उरकली होती, नवरानवरी निघून गेली होती आणि मांडववाला खुर्च्या एकावर एक रचत होता. पुढे कितीतरी वर्षं, भाजीत मीठ कमी पडल्याचं नवऱ्याने म्हटलं, तरी उत्तरात ते लग्न यायचं.

डेपोत त्याला सगळे 'काटा' म्हणत, म्हणजे घड्याळाचा. निघण्याआधी प्रत्येक चाकावर टामी आपटायची, आवाज भरीव आला की चाकात हवा आहे, बद्द आला की नाही. मग आत बसायचं आणि वेळेवर निघायचं. मागून कोणी पळत येवो, रांगत येवो.

मग साथ आली. शहराला कुलूप लागलं, बसगाड्या डेपोत धूळ खात उभ्या राहिल्या. जगभरच्या खेळाडूंची मोठी स्पर्धा इथेच व्हायची होती, ती वर्षभर पुढे गेली. लोक म्हणाले, झाली आता स्पर्धा, पाणी सोडा तिच्यावर. पण हट्टी माणसं जगात कमी नाहीत. स्पर्धा उभी राहिली. प्रेक्षकांना मज्जाव, तोंडाला मास्क, रोज सकाळी नाकात काडी. खेळाडूंना वसाहतीतून मैदानावर न्यायला जे ड्रायव्हर निवडले, त्यांत काटा पहिला. स्पर्धा संपेपर्यंत घरी जायचं नाही, ड्रायव्हरांनी वसतिगृहातच राहायचं, असा हुकूम होता.

"बरंच झालं," बायको म्हणाली. "आता तिकडे कोणाला टाकून जायचं ते जा." पण पिशवीत त्याचे मोजे तिनेच भरले.

बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे जाड प्लास्टिकचा पडदा होता. त्याच्यामागच्या पहिल्या सीटवर रोज एक भालाफेकवाली बसायची. दंड असे, की काट्याची मांडी लाजावी. तिची भाषा त्याला येईना, त्याची तिला. पण तो चाकं ठोकताना ती खिडकीतून टक लावून बघायची आणि तो आत येऊन बसला की बोटाने पडद्यावर दोनदा वाजवायची, टक टक. चाकं ठीक आहेत ना, असं. तो मान हलवायचा. एवढीच ओळख.

तिच्या अंतिम फेरीच्या दिवशी सगळे चढले आणि ती मात्र फाटकाच्या आत अडकली. सकाळच्या तपासणीचा निकाल आला नव्हता, आणि तो हातात आल्याशिवाय कोणाला बाहेर सोडत नव्हते. दुसरी गाडी नाही, परक्या गाडीत बसायची मुभा नाही. ही बस गेली की वर्षभर थांबून राखलेली तिची फेकही गेली. ती जाळी धरून उभी होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती, नुसती बसकडे बघत होती.

गाड्या सोडणारा साहेब म्हणाला, "निघा, काका. वेळ झाली."

काट्याने किल्लीला हात घातला. सवयीने आरशात बघितलं. आरशात जाळी, जाळीत ती. आणि काय झालं कोण जाणे, त्याने टामी उचलली आणि खाली उतरला.

"आता काय?"

"चाकं बघतो."

"मघाशी बघितली की."

"खात्री पटली नाही. ड्रायव्हरची खात्री पटल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा तुमचाच नियम आहे, साहेब."

पुढचं डावं ठोकलं, कान लावला. परत ठोकलं. मग वाकून गाडीखाली बघितलं, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं तरी. साहेब लाल झाला, त्याने घड्याळाकडे बघितलं, मग त्याची नजर जाळीकडे गेली.

"मागचं उजवं पण नीट बघा हो," तो म्हणाला. "मलाही तेच बसल्यासारखं वाटतंय."

मागच्या उजव्यावर टामी पडत होती तेवढ्यात फाटक उघडलं. निकाल चांगला होता. ती अशी धावली की भाला राहू दे, हिला धावायलाच उतरवायला हवं होतं.

रस्ते मोकळे होते. बस मैदानावर वेळेत पोचली.

संध्याकाळी ती परत चढली. पदक ताटातून उचलून आपलं आपणच गळ्यात घालायचं होतं, साथीमुळे दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. तिने ते काढलं आणि प्लास्टिकच्या पडद्यावर दोनदा वाजवलं. टक टक. या खेपेला आवाज भरीव होता. काट्याने भोंगा दाबला, वसाहतीत शिरला तरी दाबत राहिला. वसाहतीत भोंगा वाजवायला बंदी होती.

फोनवर त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"पदक कसलं होतं?"

"कोण जाणे. मी समोर बघत होतो. गाडी चालवताना मागे बघत नाहीत."

"सोन्याचं होतं, अहो. मी टीव्हीवर बघितलं. अख्खा मजला गोळा केला होता." मग म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांदा ठोकता येतात चाकं."

"येतात."

"हात झिजला?"

"नाही."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच लग्नाचा विषय न काढता फोन ठेवला.

पुढे तो आपल्या जुन्या रस्त्यावर आला, आणि मागून कोणी पळत येताना दिसलं की चाकं पुन्हा ठोकू लागला. डेपोत म्हणायचे, काटा अडकायला लागलाय, तेल घाला.

निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या फेरीला बायको सगळ्यांच्या आधी येऊन त्याच्यामागच्या सीटवर बसली. चाकं ठोकून झाली. वेळ झाली. त्याने आरशात बघितलं. लांब कोपऱ्यावर एक म्हातारी गुडघा सावरत, पिशवी सांभाळत येत होती.

"अहो," बायको म्हणाली.

"दिसली," काटा म्हणाला, आणि टामी घेऊन खाली उतरला.